चेड्यापुढची बाटली

रघूच्या पाठीत कोयता बसला त्या दिवशी, त्याला टाके घालता घालता मी इतक्या शिव्या दिल्या की दुखतंय हे सांगायलासुद्धा त्याला जागा मिळाली नाही. टाके डॉक्टरने घालायचे असतात, नर्सने नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण डॉक्टर वज्रेश्वरीला, आणि रघूचं रक्त माझ्या उंबऱ्यावर. अशा वेळी नियम दाखवणाऱ्याला मी माणूस म्हणत नाही.

मी भिवंडीची. वडील कोर्टात कारकून, घर निजामपुऱ्याजवळ, रात्रंदिवस लूमच्या खडखडाटात वाढलेली. सरकारने मला उचलून वज्रेश्वरीच्या अलीकडच्या या गावात आरोग्य उपकेंद्रावर टाकलं. सुचेता हे माझं नाव गावात कुणी घेत नाही. बायका ‘बाई’ म्हणतात, पुरुष माझ्या माघारी ‘आग्यामोहोळ’ म्हणतात.

‘कोणी मारलं?’ मी विचारलं.

‘दिसला न्हाय बाई. अंधार व्हता.’

‘भर दुपारी कसला रे अंधार? खोटं बोललास तर ही सुई कुठे टोचीन ते सांगत नाही.’

‘हरीनं,’ तो दात आवळून म्हणाला. ‘दाजीकाकाच्या पुतन्यानं. यष्टीतून उतरलो आनि मागनं आला.’

रघू भिवंडीला कापड छपाईच्या मिलमध्ये जीप चालवायचा. त्याचा बाप विठू आणि दाजी हे चुलतभाऊ. घरांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या, विहीर एक. दाजीला बऱ्याच वर्षांनी, वज्रेश्वरीला नवस बोलून, एक मुलगा झाला. म्हणून त्याचं नाव नवशा. त्या नवशावरून हे सगळं पेटलं.

रघूच्या बहिणीच्या, तुळजाच्या हळदीला विठूने घरी दारू गाळली होती. हळदीला पाहुणे फार, दारू कमी पडेल म्हणून त्याने भिवंडीतून कुणाकडून तरी स्पिरिटचा डबा आणला आणि शेवटच्या घागरीत ओतला. पहाटे मला बोलवायला माणूस आला. मी पोचले तेव्हा ती प्यालेला नवशा दाजीच्या ओटीवर गडाबडा लोळत होता. त्याची आई ठमाबाई त्याचं डोकं धरून बसली होती, आणि तो तिलाच म्हणत होता, ‘आये, दिवा लाव ना गो.’ दिवा त्याच्या उशाशीच जळत होता. दुपारच्या आत पोरगं गेलं. विठू स्वतः तीच दारू प्यायला होता. त्याचे दोन्ही डोळे गेले, आणि वर्षभर भिंती चाचपडत फिरून तोही गेला.

दाजीला मी परोपरीने सांगितलं. ओटीवर बसून सांगितलं, भांडून सांगितलं. ते स्पिरिट विषारी होतं, विठूला ते कळलं नाही, कळलं असतं तर तो स्वतः कशाला प्यायला असता?

‘बाई, तुमी शिकलेल्या,’ दाजी म्हणायचा. ‘ज्याच्या घरची दारू त्याचं पोर जितं हाय. माजं गेलं. हिशेब मना बी येतो.’

मग गावात जे सुरू झालं ते मी पुसायला होते, म्हणून मला माहीत. रंगूबाईची, म्हणजे रघूच्या आईची, पेंढ्याची गंजी पेटली. तिच्या बैलाच्या मागच्या पायाची शीर कुणीतरी तोडली. बैल दोन दिवस ओरडत होता, शेवटी त्याला मारावाच लागला. रघूही काही तुळशीचं पान नव्हता. त्याने हरीला भिवंडीत कामतघरच्या नाक्यावर गाठलं आणि सायकलच्या चेनीने त्याचं तोंड फोडलं. पुढचे दात पडलेला हरी माझ्याकडेच आला, कापसाचा बोळा चावत. त्याच्यावरही मी तेवढीच ओरडले. एका घरचं रक्त दुसऱ्या घरच्यापेक्षा वेगळं दिसत नाही, हे त्या मूर्खांना कोण सांगणार?

आणि आता रघूची पाठ. कोयता चार बोटं वर बसला असता तर मान होती.

टाके घालून झाले तेव्हा दारात रंगूबाई उभी होती. रडत नव्हती. ती नवऱ्यालाही रडली नव्हती, लोक तिला दगड म्हणायचे. ती आत आली, रघूच्या पाठीवरची पट्टी बोटाने चाचपली आणि मला म्हणाली, ‘बाई, मना आता काय नको. जमीन नको, इहीर नको. येवडा येक पोर जिता रायला पायजे. तुमी दाजीभाऊजीला भेटा.’

भेटले. चारदा भेटले. दाजी शेवटी ऐकायला तयार झाला तो माझ्यामुळे नाही, ठमाबाईमुळे. ती एक दिवस त्याला म्हणाली, ‘आनखी येक आई रडवून माजा नवशा परत येनार हाय का?’ 

इकडे वैर मोडायची एक रीत आहे. गावाच्या शिवेवर चेडा आहे, शेंदूर लावलेला दगड, गावाचा राखणदार. त्याला कोंबडं आणि दारू लागते. दोन्ही बाजूंनी त्याच्यापुढे बसायचं, हत्यारं त्याच्या पायाशी ठेवायची, आणि एकाच पेल्यातून दारू प्यायची. एकदा प्याले की वैर संपलं. त्यानंतर ज्याने हात उचलला त्याचा निर्वंश होतो म्हणतात.

पण पेल्यात दारू कोणाच्या घरची? इथे गाडी अडली. दाजी म्हणाला, ‘त्या घरची माजं पोर येकदा प्यालं, तेवडं बस झालं.’ रंगूबाई म्हणाली, ‘त्याच्या घरची मी माज्या पोराला कशी पाजू?’ दुकानातली आणा म्हटलं तर, आणणार कोण? बूच काढून परत लावता येतं हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. मी वैतागून म्हटलं, मग ताक प्या! त्यावर गावातले म्हातारे माझ्याकडे असे बघायला लागले की मीच चेड्याला शिवी दिली. चेडा ताकाला मानत नाही.

तेव्हा रघू म्हणाला, ‘माज्याकडं येक बाटली हाय.’

ती बाटली ऑस्ट्रियाची होती. मिलमध्ये छपाईचं नवं मशीन आलं ते बसवायला तिकडून योहान नावाचा फिटर आला होता. उंच, लालबुंद, उन्हाने नाक सोललेला. रघू त्याला जीपमधून फिरवायचा. चार मोडक्या हिंदी शब्दांपलीकडे दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघांना खायला आवडायचं, तेवढ्यावर त्यांचं जमलं. योहानच्या बापाचा द्राक्षमळा होता आणि तो आपल्या घरची लाल दारू पेटीत भरून घेऊन आला होता. दारू म्हणजे काय, वाईन. रघूच्या मते सरबतच. पण योहानला एकच छंद: भिवंडीत जे जे शिजतं त्याच्याबरोबर ही दारू कशी लागते ते बघायचं.

पाठीच्या पट्ट्या बदलायला यायचा तेव्हा रघू मला हे सगळं रंगवून सांगायचा. आधी पेला हलवायचा, मग नाक घालून वास घ्यायचा, मग घोट तोंडात धरून गालातून फिरवायचा, आणि मग गिळायचा. ‘येकदम न्हाय प्यायची बाई. जीब काय बोलती ते आयकायचं.’ निजामपुऱ्यातल्या शीगेवरच्या मटणाबरोबर योहान ती प्यायला तेव्हा डोळे मिटून डोलायला लागला. वडापावच्या लाल चटणीबरोबर प्यायला तर तोंड वाकडं केलं, मिरचीने दारू मेली म्हणाला. आणि एकदा रघूने डब्यातला तळलेला सुका बोंबील दिला. योहानने बोंबील खाल्ला, वर घोट घेतला, आणि भर रस्त्यात थुंकला. रुमालाने जीभ पुसत ‘मछली नो! लोहा! लोहा!’ असं ओरडत राहिला.

‘मी बी करून बगितलं,’ रघू हसत म्हणाला. ‘खरंच बाई. गंजका खिळा चाटल्यावानी. कडू जहर. आनि नुसती प्या, नायतर कोंबडीसंगं प्या, तर पिकल्या करवंदासारखी. शेवटाला जरा मिरी लागती.’

जाताना योहानने त्याला शेवटची बाटली दिली, आणि बूच काढायचा आपला खिशातला चाकू. रघूने ती तुळजाच्या बाळाच्या बारशाला म्हणून जपून ठेवली होती.

गावात ती लगेच ऑस्ट्रेलियाची दारू म्हणून प्रसिद्ध झाली. मी शाळेच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गावाला एवढंच हवं होतं की ती लांबून आलेली आहे आणि तिला अजून कुणाचा हात लागलेला नाही. दाजी स्वतः उपकेंद्रात आला. बाटली उजेडाकडे धरली. बुचावरचा पत्रा नखाने खरवडून बघितला, मानेवरून बोट फिरवलं, हुंगली. 

‘ही कोनी उगडली न्हाय,’ तो शेवटी म्हणाला. ‘ही चालंल. पन बाई, ही तुमच्या कपाटात राहील. किल्ली तुमच्या कमरंला. आनि अन्न ज्याचं त्याचं. त्या घरचं अन्न तोंडात घेनार न्हाय अशी नवशाच्या चितंवर शपत घेतल्याली हाय मी.’

मी हो म्हटलं. बाटली डेटॉलच्या आणि लसींच्या शेजारी कुलपात गेली. दोन घरांचं वैर माझ्या कपाटात झोपलंय, या विचाराने मला त्या रात्री हसूही आलं आणि धडकीही भरली.

पौषात वालाच्या शेंगा भरतात. त्या दिवसांत इकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, त्यावर शेंगा, मध्ये कोंबडी, वर पुन्हा पाला, मग मडकं उपडं घालून चहूबाजूंनी जाळ करायचा. रंगूबाईने चेड्याजवळच्या खळ्यावर पोपटी लावायचं ठरवलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. रघू तिच्या मागे लागला होता, कोंबडीला मसाला चोळू नको, मीठ, ओवा आणि चार मिरी, बस.

‘आजाऱ्याचं जेवान करू का मग?’

‘आये, मिरचीनं ही दारू मरती.’

‘दारू मरती?’ रंगूबाई म्हणाली. ‘मी तर दारूनं मानसं मरताना बगितली.’

पण मसाला तिने घातला नाही. पोराचा हट्ट तिने पुरवला.

उन्हं कलायला लागली तेव्हा सगळे जमले. एका बाजूला दाजी, ठमाबाई, हरी आणि त्यांची माणसं. दुसऱ्या बाजूला रंगूबाई, रघू आणि त्यांची. मध्ये चेडा, आणि चेड्याशेजारी मी, बाटली मांडीवर घेऊन. एकेक जण उठला आणि कोयता दगडाच्या पायाशी ठेवून आला. हरीने ठेवला तेव्हा मी त्या पात्याकडे बघितलं. ते रघूच्या पाठीत किती खोल गेलं होतं ते माझ्या सुईला माहीत होतं.

रघूने खिशातून चाकू काढला.

हरी एका उडीत त्याच्या अंगावर गेला. दोघे मातीत पडले, माणसं उठली, बायका किंचाळल्या. हरीने रघूचं मनगट पिरगाळून दाताखाली धरलं होतं, उरलेल्या दातांच्या खाली. मी मध्ये घुसले आणि हरीच्या कानाखाली अशी वाजवली की माझाच हात झिणझिणला.

‘बूच काढायचा चाकू आहे तो, मुडद्या!’ मी ओरडले. ‘हे बघ!’ चाकूतून गुंडाळी झालेली तार बाहेर काढून मी त्याच्या नाकापुढे धरली. ‘बसा सगळे खाली. मी उघडते. कुणीही जागचं हललं तर ही बाटली दगडावर फोडीन आणि घरी जाईन. मग मरा एकमेकांना मारून.’

बसले. रघूच्या मनगटातून रक्त येत होतं. त्याने ते शर्टाला पुसलं आणि मला म्हणाला, ‘हळू फिरवा बाई. बूच तुटंल.’

बूच फट्‌कन निघालं. तो आवाज ऐकून दाजीचे खांदे सैल झाल्याचं मी पाहिलं. ही बाटली खरोखरच आज पहिल्यांदा उघडली होती, आणि त्याच्या डोळ्यांदेखत. मी पहिली धार चेड्यावर धरली. शेंदरावरून लाल ओघळ उतरला आणि कोयत्यांच्या पात्यांवर ठिबकला. मग स्टीलच्या पेल्यात ओतली आणि रघूच्या हातात दिली. रघूने आधी प्यायची, त्याच पेल्यातून मग दाजीने. असं ठरलं होतं.

रघूला काय सुचलं कुणास ठाऊक. आनंद झाला होता त्याला, एवढंच मला वाटतं. आज सगळं संपणार होतं, उद्यापासून मागे न बघता एसटीतून उतरता येणार होतं. त्याने पेला हलवला, नाक आत घातलं, घोट घेतला आणि गालातून फिरवत राहिला.

‘काय करतो रं तो?’ हरी म्हणाला. ‘गिळत का न्हाय?’

‘रघू, सरळ पी,’ रंगूबाईने दटावलं.

रघूने घोट गिळला. पोपटीतल्या कोंबडीचा तुकडा तोंडात टाकला, वर आणखी एक घोट घेतला आणि हसला. ‘करवंदावानी लागती, काका,’ असं म्हणत त्याने दोन्ही हातांनी पेला दाजीपुढे केला.

दाजीने पेला घेतला. पण जुनी माणसं चेड्यापुढे नुसत्या तोंडाने पीत नाहीत, आधी घास लागतो. ठमाबाईने पदराखालचं फडकं सोडलं. तांदळाची भाकरी होती आणि तळलेले सुके बोंबील. नवशाला आवडायचे म्हणून आज तिने तेच केले होते. दाजीने एक बोंबील मोडला. अर्धा नवशाच्या नावाने दगडावर ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. अर्धा त्याने स्वतः खाल्ला, आणि पेला तोंडाला लावला.

मी पेल्याकडे बघत होते. रघूने बोंबील बघितला.

‘काका, नको!’ तो ओरडत पुढे झेपावला. ‘नको पिऊ! थुक!’

दाजीच्या तोंडात घोट होता. त्याचा चेहरा आधी आक्रसला, जीभ बाहेर आली. मग त्याने रघूकडे बघितलं, हात पुढे करून ‘थुक, थुक’ म्हणणाऱ्या रघूकडे. मला आजही वाटतं, चव त्याने सोसली असती. त्या ओरडण्याने घात केला.

‘इख!’ दाजी थुंकला. ‘इख हाय! त्यानंच सांगितलं! माज्या पोराला मारला आनि आता मना!’

‘न्हाय काका, बोंबलासंगं...’

पुढचं त्याला बोलता आलं नाही. दाजीने पेला त्याच्या तोंडावर मारला आणि चेड्याच्या पायाशी हात घातला. हाताला आला तो कोयता उचलला. पहिला वार रघूने हातावर घेतला. मी हाड तुटल्याचा आवाज ऐकला. मी दाजीच्या पाठीवर पडले, त्याची मान मागे ओढायला लागले, त्याने कोपर मागे हाणलं आणि माझ्या नाकातून रक्त आलं. हरीने रंगूबाईला केसांना धरून मागे खेचलं होतं. ती त्याचा हात चावत होती, लाथा मारत होती, ‘सोड, सोड माज्या पोराला’ म्हणत होती. माणसांनी दगड उचलले. कुणीतरी पोपटीचं मडकं फोडलं आणि जळती लाकडं दोन्हीकडून उडायला लागली. दुसरा वार रघूच्या खांद्यात बसला. तिसरा मानेच्या बाजूला.

मग सगळे एकदम थांबले. जळक्या पाल्याचा वास येत होता आणि रघू मातीत पाय झाडत होता.

मी रांगत गेले. पदराचा बोळा करून मानेत दाबला. दोन्ही हातांनी दाबला, सगळा जीव लावून दाबला. रक्त बोटांमधून येतच राहिलं. जीप आणा, मी ओरडत होते, गाढवांनो, जीप आणा! हरीने रंगूबाईला कधीच सोडलं होतं. ती आली आणि तिने रघूचं डोकं मांडीवर घेतलं.

‘बाई,’ रघू म्हणाला. आवाज नव्हताच, नुसता श्वास. ‘बोंबील व्हता... तेनं लोखंड लागतं... सांगा काकाला.’

‘बोलू नकोस. मी सांगते.’

‘आये, इख न्हवतं.’

‘ठावं हाय मना, राजा. ठावं हाय.’

तो गेला तेव्हा माझे हात अजून दाबलेलेच होते. रंगूबाईने ते एकेक करून बाजूला केले.

दाजी पळून गेला नव्हता. तो चेड्याला पाठ टेकून बसला होता, दोन्ही हात पोटावर धरून. कोयता बाजूला पडला होता. हरी त्याला ओढत होता, ‘काका, ऊट, चल,’ आणि दाजी मान हलवत होता.

‘कुटं जायाचं?’ तो म्हणाला. ‘माज्या पोटात गेली हाय ती. मी बी चाललो. नवशाच्या बापाचं काम झालं.’ त्याला ना पोलिसांची भीती होती ना फासाची. तो नवशासारखं आंधळं होऊन मरायची वाट बघत होता.

रंगूबाई उठली. रघूचं डोकं तिने माझ्या मांडीवर ठेवलं. चालत गेली आणि दाजीजवळचा कोयता उचलला. हरी मागे सरला. ठमाबाईने डोळे मिटले, पण मध्ये कुणी पडलं नाही. मी पडले का? नाही. त्या क्षणी तिने त्याचे तुकडे केले असते तरी मी कोर्टात काही बघितलं नाही म्हणाले असते.

तिने कोयता दाजीच्या गळ्याला लावला आणि दुसऱ्या हाताने बाटली उचलली. बाटली उभीच होती, निम्मी भरलेली. तिने ठमाबाईच्या फडक्यातला बोंबील घेतला, चावला, बाटली तोंडाला लावून घोट घेतला. तिचं तोंड वाकडं झालं. ती थुंकली. मग मातीत पडलेला पोपटीतला कोंबडीचा तुकडा उचलून खाल्ला आणि पुन्हा प्यायली. मघाशी पोर प्याला होता तशी, गालातून फिरवून.

‘तोंड उगड,’ ती म्हणाली. आजवर ती त्याला भाऊजी म्हणत आली होती, पदर घेऊन.

‘मार ना रंगू. कशाला...’

‘तोंड उगड!’ पात्याखाली रक्ताची रेघ उमटली. तिने बोंबील त्याच्या तोंडात कोंबला आणि वर बाटली लावली. ‘गिळू नको. जिबंवर धर. कशी लागती?’

‘कडू,’ दाजी म्हणाला. ‘लोखंड.’

‘थुक.’ तिने कोंबडीचा तुकडा त्याच्या ओठांवर आणला. त्याने ओठ मिटले. शपथ होती ना त्याची, नवशाच्या चितेवरची. तिने कोयता आणखी दाबला. ‘माज्या घरचं अन्न हाय. खा.’

त्याने खाल्लं. तिने बाटली लावली.

‘आता सांग. कशी लागती?’

 दारू त्याच्या हनुवटीवरून गळ्यावरच्या रक्तात उतरत होती. त्याची जीभ तोंडात फिरत होती, ते सगळ्यांना दिसत होतं. मग त्याचे डोळे हळूहळू रघूकडे वळले.

‘मोट्यानं सांग. समद्यांना आयकू दे.’

‘गोड,’ दाजी म्हणाला.

‘कशावानी?’

‘करवंदावानी.’

हे शब्द कुठून आले ते त्यालाही कळलं. तो तोंड वासून रडायला लागला, छाती बडवायला लागला, तिच्या पायाशी मान वाकवून म्हणाला, ‘मार मना, रंगू. तोड. पाया पडतो तुज्या, मार.’

रंगूबाईने कोयता चेड्याच्या पायाशी परत ठेवला, होता तिथे.

‘न्हाय,’ ती म्हणाली. ‘मेलास तर तू म्हनशील इखानं मेलो. तू जग.’

ती येऊन रघूजवळ बसली आणि त्याच्या तोंडावरची माती पुसायला लागली. तेव्हा ती रडली, गावाने पहिल्यांदा ऐकलं. जीप यायला अंधार पडला. पोलीस त्याच्याही नंतर आले. तोवर दाजी तिथेच बसून होता. मधून मधून पोट दाबून बघत होता, डोळ्यांपुढे हात धरून बोटं दिसतात का ते बघत होता. त्याला काहीही झालं नाही.